नवा माऊथपीस

परवा आमच्या वाड्यावरच्या एका तरुणाने ट्रंपेटसाठी नवा माऊथपीस आणला. फेस्त तोंडावर आलेलं. संध्याकाळी सोप्यावर बसून तो जुना आणि नवा आलटून-पालटून लावून पाहत होता. ट्रंपेट तेच, पण आवाज दोन! जुन्यावर मऊ, भरदार. नव्यावर वरचे सूर चटकन लागायचे, पण टोचायचे. "ओठांना अजून पटत नाही," तो म्हणाला.

सनईला पत्ती असते, ट्रंपेटला नसते. आपल्या देवळातल्या शिंगासारखेच इथेही थरथरतात ते वादकाचे ओठ. त्या ओठांना टेकते ती ही छोटी वाटी. वाटी खोल तर आवाज गडद, उथळ तर झगझगीत. व्हिन्सेंट बाख या मूळच्या ऑस्ट्रियन ट्रंपेटवादकाचा माऊथपीस अमेरिकेत दुरुस्तीला दिला असताना बिघडला. शेवटी १९१८ मध्ये न्यूयॉर्कला तो स्वतःच माऊथपीस बनवू लागला. त्याच्या ‘सात-सी’ या खुणेत आकडा वाटीच्या रुंदीचा आणि अक्षर खोलीचं. ट्रंपेट उसनं घेता येतं. माऊथपीस मात्र ज्याचा त्यालाच लागतो.

गोव्यात ओठांची ही तालीम चर्चच्या पारिश शाळांतून झाली. तिथे मेस्त मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवी, मग हातात वाद्य देई. ही विद्या घेऊन आपले लोक मुंबईला गेले. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ तिथे ‘चिक चॉकलेट’ झाला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांसोबत त्याने काम केलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो वादकांसह पडद्यावरही दिसतो. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवता वाजवता चित्रपट-निर्माते झाले. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे त्यांचेच कोकणी चित्रपट.

ही नावं उरली. बाकीच्यांचं काय? संगीतकार चाल गुणगुणायचा, आपला माणूस ती स्वरलिपीत उतरवायचा, दुसरे पाचपंचवीस ती वाजवायचे. पडद्यावर नाव मात्र एकट्या संगीतकाराचं.

त्या तरुणाच्या हातातला जुना माऊथपीस त्याच्या आजोबांचा. मुंबईच्या स्टुडिओंत ते वर्षानुवर्षं वाजवत होते. कडेचा चांदीचा मुलामा ओठ टेकून टेकून उडालाय, खालचं पितळ दिसतं. मी विचारलं, "कुठल्या गाण्यांत वाजवलं त्यांनी?"

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, म्हणाला.

आपण ती गाणी अजून रेडिओवर ऐकतो. त्यांतली एखादी फुंक आमच्याच वाड्यावरची असेल, पण कुठली ते आता कोण सांगणार? तुमच्या घरात असा कुणी म्हातारा वादक अजून असेल तर आजच विचारून लिहून ठेवा.

"मग फेस्ताला कुठला लावणार?" निघताना मी विचारलं.

"जुनाच. नव्याला अजून वर्षभर फुंकावं लागेल."