खडकीचा नकाशा आणि दखनीची वाट

काल्पनिक देशांतली नगररचना आणि तिथल्या सरमिसळ भाषा, हा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. पण कादंबऱ्या लिहिणारे, संगणकावरचे खेळ रचणारे तरुण आज असे देश खरोखर तयार करतात. आधी नकाशा काढतात, रस्ते आखतात आणि मग त्या शहराला एक मिश्र बोलीही देऊन टाकतात. माझा प्रश्न साधा आहे. शहर आखता येतं, मान्य. भाषा आखता येते का?

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थॉमस मोर आठवणारच. त्याचं 'युटोपिया' आलं १५१६ साली. त्या कल्पित बेटावर ५४ शहरं आहेत, जवळपास एकाच साच्यातली. एक पाहिलं की बाकीची पाहिल्यासारखीच. सगळ्यांची भाषाही एकच. म्हणजे एका शहराच्या माणसाला दुसऱ्या शहरात गेल्यावर अडखळण्याची वेळच येत नाही.

यानंतर शंभरेक वर्षांनी, आपण आज बसलो आहोत त्याच जागी, एका माणसाने खरं शहर आखलं. मलिक अंबर. जन्म इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. १६१० मध्ये त्याने खडकी या छोट्या गावाजवळ राजधानी वसवायला घेतली. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. उत्तरेच्या डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी भुयारी नहरीने, उताराचा अंदाज घेत गावात आणलं आणि खापरी नळांतून वाटलं. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावं मराठा सरदारांवरून पडली, असं सांगतात. आता बघा, हबशी, मराठे, दखनी मुसलमान, इराणी आणि अरब मुलुखांतले लोक एका गावात. यांनी एकमेकांशी बोलायचं कसं?

बोलायला दखनी होती. इथे एक खुलासा करतो. दखनीला काही लोक सहज 'क्रिओल' म्हणतात. भाषाशास्त्र तसं मानत नाही. परक्यांच्या व्यवहारातून कामचलाऊ बोली तयार होते आणि पुढच्या पिढीची ती मातृभाषा बनते, तेव्हा तिला सहसा क्रिओल म्हणतात. दखनीचा सांगाडा उत्तरेतून आला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा लोकांबरोबर बोलीही आली. इथे तिच्यावर मराठी, तेलुगू, कन्नडचे संस्कार झाले. आपला 'नको' तिथे 'नक्को' झाला. 'मी आत्ताच आलो' यातला 'च' बघा आणि 'मैं अब्बीच आया' ऐका. हा 'च' कोणत्या दरबाराने हुकूम काढून दिलेला नाही. तो भाजीच्या पाटीवर, पाणवठ्यावर, छावणीत घेतला गेला.

खरी क्रिओल हवी असेल तर रायगड जिल्ह्यात कोर्लईला जा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली तिथले ख्रिस्ती लोक अजून बोलतात. तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. १७४० मध्ये चौलची पोर्तुगीज सत्ता गेली, पण हे लोक तिथेच राहिले. वेगळा धर्म आणि लहान, घट्ट वस्ती यामुळे ती बोली टिकली. दखनीचं उलट आहे. तिच्या बोलणाऱ्यांना रोज परक्याशी व्यवहार करावा लागला, म्हणून ती पसरली. १७०० च्या सुमारास इथला कवी वली दिल्लीला गेला. फारसीत रमलेल्या दिल्लीच्या कवींना आपल्या बोलण्यातल्या भाषेत गझल लिहिता येते, हा विश्वास त्याच्या कवितेने दिला.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर असं: भाषा आखता येत नाही. पण ती जिथे घडते, त्या जागा मात्र आखता येतात, किंवा आखायच्या राहून जातात. १९७० नंतर सिडकोने इथे नवं शहर बांधलं. वसाहतींना नावं दिली एन-एक, एन-दोन. रस्ते रुंद, घरं व्यवस्थित, त्याबद्दल तक्रार नाही. लोकांनी मात्र रिक्षावाल्याला सांगायला 'कॅनॉट', 'टीव्ही सेंटर' अशा खुणा धरल्या. ती शेअर रिक्षाच आज आपला पाणवठा आहे. मराठी आणि दखनी तिथे गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची. शाळेत मुलाला सांगतात, 'नक्को म्हणू नकोस, ती बिघडलेली भाषा आहे.' आणि घर घेताना आपण आधी विचारतो, शेजारी आपल्यातले आहेत ना? पहिल्याने मूल आपल्या घरच्या बोलीला लाजतं, दुसऱ्याने त्याला दुसरी बोली कानावरच पडत नाही. खडकीची फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं बदलत गेली, नहरीचं पाणी आटत गेलं, पण चारशे वर्षं हे गाव एकमेकांना उत्तर देत आलं आहे. पुढचा विकास आराखडा येईल तेव्हा त्यात रस्त्याची रुंदी जरूर बघा. पण भाजीबाजार कुठे दाखवलाय, बसथांबा कुठे आहे, दोन मोहल्ल्यांची मुलं एका मैदानावर येतील का, हेही विचारा. हरकती-सूचना नोंदवायला मुदत असते. ती चुकवू नका.