इंदूरचा प्लेग: घरातला उंदीर आणि शेतातला

१८९६ साली मुंबईत शिरलेला गाठीचा प्लेग काही वर्षांतच माळव्यात पोचला आणि होळकरांच्या इंदुरात फिरून फिरून येऊ लागला. आधी घरात उंदीर पडत, मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी उठत.

ही साखळी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवली. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून नवा उंदीर शोधतात. तो नाहीच मिळाला तर माणसाला चावतात. पुढचा दुवा १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी उलगडला. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, रक्त आत उतरत नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि चाव्यात जंतू सोडते.

पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार इंदुरात आले तेव्हा प्लेगची दहशत होती. उंदराला घर मिळते ते पडक्या भिंतींत आणि कचऱ्यात, हे ओळखून त्यांनी १९१७ ची दिवाळी हाती घेतली. ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरे झाडूनपुसून दुरुस्त झाली असतील, तिथून मिरवणूक जाईल असे जाहीर झाले. लोकांनी गाड्यांवर गाड्या कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि पिसवांनी वळवळणारा प्लेगचा भलामोठा उंदीर; पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी पुण्यात सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या होत्या, त्या मानाने ही मोहीम किती शहाणी! गेडिस यांचा इंदूरवरील अहवाल १९१८ मध्ये निघाला.

घरातला काळा उंदीर प्लेगने पटापट मरतो, म्हणून त्याच्यातली साथ भडकते आणि विझते. शेताच्या बांधात बिळे करणारा रानउंदीर अधिक सोशिक असतो. काही मरतात, काही तगतात, आणि प्रत्येक विणीबरोबर रोगाची ओळख नसलेली नवी पिल्ले येतात. बिळाच्या गारव्यात पिसवाही टिकतात. त्यामुळे शहर स्वच्छ झाले तरी रानात जंतू राहू शकतो.

१९६६ नंतर देशात प्लेग दिसला नव्हता. १९९४ मध्ये तो बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात निघाला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले, उंदीर वाढले आणि रानातल्या पिसवा गावात आल्या, असे त्याचे कारण मानले जाते.