कोडखंडांची समांतर मांडणी

कोडखंडांची समांतर मांडणी म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेले आज्ञावलीचे खंड निर्यात केलेल्या दस्तऐवजात शेजारी-शेजारी दाखवण्याची पद्धत होय. एकाच कामाची दोन प्रोग्रॅमिंग भाषांतील रूपे, दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा कोड, किंवा कोड आणि त्याचे आउटपुट यांच्या तुलनेसाठी ती वापरली जाते.

पार्श्वभूमी

साधा मजकूर हा ओळींचा एकरेषीय क्रम असल्याने त्यात स्तंभांची उपजत सोय नसते. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ईमॅक्स संपादकातील ऑर्ग-मोड आणि जॉन मॅकफार्लेन यांचे पॅनडॉक ही साधने अशा मजकुरापासून एचटीएमएल, लाटेक इत्यादी स्वरूपे तयार करतात. ऑर्ग-मोडच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ मजकुराच्या एकाच ओळीत लिहावी लागते. त्यामुळे अनेक ओळींचा कोडखंड तक्त्यात बसत नाही आणि स्तंभरचना निर्यातीच्या स्वरूपावर सोपवावी लागते.

पद्धती

एचटीएमएल: दोन्ही खंड एका विशेष खंडात गुंडाळले जातात. निर्यातीत त्याचा 'डिव्ह' घटक होतो आणि सीएसएसमधील फ्लेक्स किंवा ग्रिड रचनेने त्यातील खंड शेजारी येतात. अरुंद पडद्यावर ते पुन्हा एकाखाली एक आणता येतात.

लाटेक: प्रत्येक खंड पानाच्या निम्म्याहून किंचित कमी रुंदीच्या 'मिनीपेज'मध्ये ठेवतात. मिनीपेज दोन पानांत विभागले जात नाही, म्हणून लांब कोड पानाच्या तळाबाहेर जातो. अशा वेळी 'पॅराकॉल' हे पॅकेज उपयोगी पडते.

साधा मजकूर: जीएनयू 'डिफ' आज्ञेचा 'वाय' पर्याय दोन फाइलींतील फरक दोन स्तंभांत दाखवतो. त्याची पूर्वनिर्धारित रुंदी १३० अक्षरे असते.

मर्यादा

रुंदी निम्मी झाल्याने ८० अक्षरांच्या ओळी तुटतात. पायथॉनसारख्या, समासावर अर्थ अवलंबून असणाऱ्या भाषेत तुटलेली ओळ वाचकाची दिशाभूल करू शकते. देवनागरीतील टिपांमध्ये मात्रा व जोडाक्षरांमुळे अक्षरांची संख्या आणि दिसणारी रुंदी जुळत नाही, त्यामुळे केवळ रिकाम्या जागांवर बेतलेले स्तंभ वाकडे होतात. पडदावाचक आज्ञावली मूळ क्रमानेच मजकूर वाचते. दृष्टिहीन वाचकाला डावा खंड संपल्यावरच उजवा ऐकू येत असल्याने प्रत्येक खंडाला स्वतंत्र शीर्षक देणे आवश्यक ठरते.