शेपूट वर करून बसणारी कीड : सायलाची ओळख

आपल्या राणीसावरगाव भागात कापसामुळं तुडतुडा पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून मोसंबी-लिंबाच्या नवतीवर काही उडालं की आपण त्यालाही तुडतुडाच म्हणून मोकळं होतो. पण तो सायला असू शकतो, आणि हा फरक लई महाग पडतो.

सायलाला शास्त्रीय नाव मिळालं १९०८ साली. तैवानात सापडलेल्या या किडीला जपानच्या कुवायामांनी 'डायफोरिना सिट्री' म्हटलं. १९२७ मध्ये हुसेन आणि नाथ यांनी पंजाबातल्या सायलावर सविस्तर लिहिलं. तेव्हा तक्रार एवढीच होती की ही कीड रस शोषते, नवती आकसते. बागा शेंड्याकडून वाळायच्या, त्याचं खापर मात्र जमिनीवर आणि खतावर फुटायचं.

१९६७ मध्ये आपल्या पुण्यात कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ग्रीनिंग रोग हीच कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तिथून सायला म्हणजे नुसती रस पिणारी कीड राहिली नाही. अमेरिकेत फ्लोरिडात सायला १९९८ ला दिसला, रोग २००५ ला सापडला, आणि पुढं तिथल्या बागा उजाड झाल्या.

आता ओळख. भिंग घ्या, कोवळी नवती बघा.

प्रौढ : ३-४ मिलिमीटर, तपकिरी, ठिपकेदार. पंखाच्या कडेला गडद पट्टा, डोळे लाल. डोकं पानाला टेकलेलं, मागचा भाग तिरका वर. धक्का लागला की टुणकन उडी.
पिल्लं : चपटी, पिवळी-नारिंगी, लाल डोळ्यांची. पांढऱ्या मेणाचे धागे सोडतात. उडी मारत नाहीत.
अंडी : पिवळसर, बदामाच्या आकाराची, न उमललेल्या पानांच्या घडीत.

तुडतुडा पानाला समांतर बसतो, तिरका चालतो. मावा उडी मारत नाही, त्याच्या पाठीमागं दोन नळ्या असतात.

पानही बघा. जस्ताच्या कमतरतेत शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात, ग्रीनिंगमध्ये वेडीवाकडी, दोन्हीकडं वेगळी. या रोगावर बरं करणारं औषध नाही. म्हणून नवी नवती फुटली की आधी शेंडे तपासा, आणि कलमं घेताना रोपवाटिकेतच पानं उलटून बघा.