जात्यावरच्या ओवीतील अक्षर आणि आघात

मराठी छंदःशास्त्राने ओवीची लांबी नेहमी अक्षरांनी मोजली. मात्र हे अक्षर लिपीतले की कंठातले, हा प्रश्न फारसा निकराने विचारला गेला नाही. भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील जात्यावरच्या ओवीपुढे तो टाळता येत नाही. ‘सासरवास’ या शब्दात लिहिताना पाच अक्षरे आहेत. बोलताना सा-सर-वास अशी तीनच उरतात. गाताना लोपलेला ‘अ’ परत येऊ शकतो, आणि तीनांची पुन्हा पाच होतात. ‘भोर’ हे नावही असेच: बोलण्यात एक, सुरात दोन.

आघाताचेही तेच. जोडाक्षराचा आघात मागील ऱ्हस्वाला गुरू करतो हा नियम संस्कृताचा. ‘उन्हाळा’तील ‘उ’ मराठी कानाला लघूच राहतो. (‘वेल्हे’तील ‘ल्ह’ याच जातीचा.)

सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ओवी येते ती महाराष्ट्रातील स्त्रियांच्या कांडणाशी जोडून. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’पूर्वीच हा छंद कष्टाच्या लयीत रुळला होता, तो असा. ग्रंथात शिरल्यावरही त्याची अक्षरसंख्या स्थिरावली नाही. तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण एवढीच खूण टिकली. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) अक्षरछंदातील प्रत्येक अक्षर गुरू उच्चारले जाते असे मानले. ही उपपत्ती अभंगाला शोभते. जात्याच्या फेऱ्याला ती अपुरी पडते.

येथे इटालियन छंदाची तुलना उद्बोधक ठरते. तेथील अकरा अक्षरांच्या ओळीत प्रत्यक्षात दहा किंवा बाराही अक्षरे असू शकतात. निर्णायक असतो तो दहाव्यावरचा आघात. शिवाय त्या भाषेत ‘आंकोरा’ म्हणजे नांगर आणि ‘आंकोऽरा’ म्हणजे पुन्हा. आघात अर्थच बदलतो. मराठीत शब्दाला असा अर्थभेदक आघात नाही. ओवीला तो बाहेरून, खुंट्यावरील हाताच्या जोरातून मिळतो.

हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरू केलेल्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे ध्वनिमुद्रणेही झाली. छापील संग्रहांत पुष्कळदा ‘बाई’, ‘गं’ ही पदे निरर्थक भरणा म्हणून गळतात. गाणारीच्या दृष्टीने मात्र फेरा पुरा होतो तो त्यांच्यामुळेच, आणि संपादकाने ती गाळली की उरलेली ओळ अक्षरांत मोजता येते, दळता येत नाही.