टिअरड्रॉप ट्रेलर: नायगावच्या उन्हात पत्र्याची खोली थंड कशी ठेवायची?

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे कारमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची छोटी खोली. आत दोघांपुरती झोपायची जागा, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक तो घरीच बनवतात.

थर्माकोल किती जाड?
थंड देशांत इन्सुलेशन ऊब टिकवतं; नायगावात (जि. नांदेड) ते ऊन अडवायला लागतं. समजा, छत 5 चौरस मीटर, पत्रा 65 अंश सेल्सिअस आणि आत 35 अंश. 25 मिमी थर्माकोलमधून साधारण 215 वॅट उष्णता आत येते, 50 मिमीमधून निम्मी. मात्र लोखंडी अँगल आतपर्यंत उघडा राहिला तर उष्णता त्यातूनच शिरते. त्यावरही थर द्या. थर्माकोल पेट घेतो, म्हणून आतून प्लाय लावा. बाहेरून पांढरा रंग.

हवा खेळती हवी
झोपलेली दोन माणसं मिळून दीडशे वॅटच्या आसपास उष्णता सोडतात. इन्सुलेशन तीही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एक झरोका खाली, एक वर ठेवा. शेगडी आत कधीच पेटवू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. ओटा बाहेर असण्याचा हा मोठा फायदा.

कच्चा रस्ता
चाकं कारच्याच मापाची घ्या, एक स्टेपनी दोघांना चालते. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकवर हवा. मागे जड झालेला ट्रेलर वेगात झोकांड्या खातो.

वेल्डिंगआधी
ट्रेलरलाही नोंदणी लागते. आराखडा घेऊन आधी नांदेडच्या आरटीओत विचारा, मगच लोखंड कापा.