शाळामास्तरांचे दहा रुपये

१/ शिक्षकाला वेतन कशाचे द्यावे? त्याच्या श्रमाचे, की विद्यार्थ्यांच्या निकालाचे? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. तेच मुंबई इलाख्यात आले, तेव्हा पुण्यातून त्याला हरकत घेतली गेली. त्या हरकतीचा हा इतिहास.

२/ १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये नवी शिक्षणसंहिता लागू झाली. सरकारी तपासनीस शाळेत येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणितात परीक्षा घेई. मूल एका विषयात नापास झाले, की शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

३/ पूर्वी प्रमाणपत्रधारक शिक्षकाला सरकारकडून थेट वेतनपूरक रक्कम मिळे. आता अनुदान व्यवस्थापकांच्या हाती गेले आणि शिक्षकाचे वेतन त्यांच्या मर्जीवर आले. वर्गात घोकंपट्टी बोकाळली. स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली.

४/ इकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला होता. पुढे मुंबई इलाख्यात हे अनुदानही निकालावर ठरू लागले. शहरात फी भरणारे पालक होते. खेड्यात कोण होते?

५/ हा प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, १८४८ पासून शाळा काढणाऱ्या आणि स्वतः शिकवलेल्या जोतीरावांनी आपले निवेदन इंग्रजीतच लिहिले.

६/ प्राथमिक शिक्षकांचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो, असे त्यांनी नोंदवले. त्यांची मागणी होती : किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २०. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्याला खास भत्ताही द्यावा. मात्र तो पगाराव्यतिरिक्त. बक्षीस पगाराच्या जोडीला, पगाराच्या जागी नव्हे.

७/ निकालावर बेतलेले अनुदान गरीब, अशिक्षित समाजाला मुळीच सोयीचे नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून मास्तराचे पोट कसे भरणार?

८/ दुसरा मुद्दा इंग्रजी उच्च शिक्षणाच्या खर्चाचा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. वरून खाली ज्ञान झिरपेल, ही आशा फोल ठरली होती. तरीही सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, असे त्यांनी म्हटले नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असा त्यांचा आग्रह होता.

९/ पुढे १८९० च्या दशकात खुद्द इंग्लंडनेच ही पद्धत मोडीत काढली. म्हणूनच दोन देशांतील शिक्षकांचे पगार ताडून पाहताना केवळ आकडे पाहून भागत नाही. मुले नापास झाली, तर उपाशी कोण राहतो, हेही विचारावे लागते. जोतीरावांनी ते १८८२ मध्येच विचारले होते.